दोन उताऱ्यांचे सर

सरांनी मला कधीच एक उतारा टाइप करायला दिला नाही. इतर शाळांचे मराठीचे शिक्षक चाचणीचा पेपर घेऊन यायचे, त्यात आकलनासाठी एकच उतारा असायचा. झाडांचं महत्त्व, नाहीतर वेळेचं महत्त्व, आणि खाली पाच प्रश्न. पाचही उत्तरं उताऱ्यात ओळीनं मांडून ठेवलेली, पोरांनी फक्त उचलायची. आमचे सर मात्र दोन उतारे आणायचे. विषय एकच, लेखक दोन, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. 'उतारा अ, लेखक एक', 'उतारा आ, लेखक दोन' असं वर लिहिलेलं. पोरांनी त्यांचं नाव उतारेसर ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा फोनवर त्यांनी स्वतःच "मी उतारेसर बोलून राहिलो" म्हटलेलं मी ऐकलं आहे.

माझं दुकान उमरीत बसस्टँडच्या बाजूला. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, जे येईल ते. सरांची जिल्हा परिषदेची शाळा गावाबाहेर सहा-सात किलोमीटरवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते मोटरसायकलवरून यायचे, हेल्मेट काढून मांडीवर ठेवायचे आणि स्टुलावर बसून माझं टाइप होईपर्यंत हलायचे नाहीत. अक्षर मोठं, गोल. एका पानावर दहा ओळी. मी एकदा विचारलं, "सर, दोन-दोन उतारे कशाला? पोरांना वाचायला वेळ पुरतो का?"

"एकच वाचला ना ताई, की पोरगं म्हणतं, छापलंय म्हणजे खरंच असंल. दोन वाचले की त्याला पयल्यांदा शंका येते. शंका आली की ते परत वाचतं. मला परत वाचायला लावायचंय, बाकी काही न्हाई."

विषय साधे असायचे. आठवडी बाजार रस्त्यावर भरावा की मैदानात. लग्नात डीजे असावा की नसावा. घरात मांजर पाळावी की नाही. मांजरीचा पेपर मला अजून आठवतो. लेखक एकच्या कणगीतली ज्वारी उंदरांनी खाल्लेली, लेखक दोनचं विरजण लावायचं दूध मांजरीनं सांडलेलं. टाइप करता करता मी इतकी गुंतले की शेवटी विचारलं, "सर, मग खरं कुणाचं?" ते म्हणाले, "तुम्ही दोन्ही वाचले अन् टाइप बी केले, मी एकदाच लिवले. तुम्हालाच जास्त माहीत असंल." आणि हसले. त्या दिवशी मी घरी जाऊन आमच्या मांजरीकडे बराच वेळ बघत बसले होते.

खालचे प्रश्नही वेगळे. 'लेखक एक रागावला आहे हे कोणत्या शब्दावरून कळते?' 'लेखक दोनला माहीत असलेली कोणती गोष्ट लेखक एकला माहीत नाही?' आणि शेवटचा, सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न दर वेळी तोच: 'दोन्ही लेखक कोणत्या बाबतीत सहमत आहेत?' पोरं तिथंच अडकायची. दोघं कुठं भांडतात हे भराभरा लिहायची आणि सहमतीपाशी आलं की पेन चावत बसायची. सर म्हणायचे, "भांडण मैलावरून ऐकू येतं ताई. एकमत लई हळू बोलतं. कान लावावा लागतो."

ही सवय वर्गापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण दुकानात कुणी काही सांगायला लागलं की सर विचारणारच, "अन् दुसरा काय म्हणतो?" एकदा मी माझ्या जावेची तक्रार सांगत होते. शेवयांचं मशीन तिनं न विचारता नेलं आणि दांडा मोडून परत आणलं. सर शांतपणे ऐकत होते. मला वाटलं आता म्हणतील, चूक आहे तिची. तर म्हणाले, "जाऊबाई काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार, सर?"

"म्हणजे विचारलं न्हाई तुम्ही."

मला राग आला. दिवसभर राहिला. संध्याकाळी घरी जाऊन मी मुद्दाम तिला विचारलं, जरा आवाज चढवूनच. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हीच फोनवर म्हणलात, घेऊन जा म्हणून. दुकानात गिऱ्हाईक होतं तुमच्या." आणि मी म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. दांडा मात्र तिनंच मोडला होता, हेही तिनं मान्य केलं. पुढच्या शनिवारी सरांनी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही, पण ते हेल्मेटवर बोटं वाजवत माझ्याकडे बघत होते.

दोन-तीन वर्षं त्यांचे पेपर टाइप केल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बोलावं की नाही, असा विचार बरेच दिवस केला, मग बोलून टाकलं. "सर, तुमचे दोन्ही लेखक एकच माणूस आहेत."

"कसं काय?"

"दोघंही 'वास्तविक पाहता' म्हणतात. डीजेवाला पोरगा म्हणतो आणि त्याला शिव्या घालणारा म्हातारा पण म्हणतो. दोघंही रागावले तरी शिक्षकासारखे रागावतात."

सरांनी मागच्या चार पेपरांच्या प्रती मागून घेतल्या. पेन्सिलीनं प्रत्येक 'वास्तविक पाहता'ला गोल केला. अकरा गोल झाले. मग ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारचा चहावाला डोकावून गेला. "बारा गावचं पाणी प्यालो म्हणतो मी," ते म्हणाले, "अन् तोंड एकच!" पण त्यानंतरही ते दोन्ही उतारे स्वतःच लिहीत राहिले. शब्द बदलले, माणूस तोच राहिला.

सरांना एकच मुलगी, प्रज्ञा. बारावीनंतर सरांनी तिला लातूरला ठेवलं होतं, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, दुसऱ्या वर्षी पुन्हा लातूर, पुन्हा हुकलं. सर तिसऱ्या वर्षाची तयारी करत होते. शनिवारी आले की लातूरच्या क्लासच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या खोलीत उजेड चांगला, कुठल्या मेसचा डबा बरा. त्याच पावसाळ्यात एका दुपारी प्रज्ञा एकटीच माझ्या दुकानात आली.

"काकू, नांदेडच्या आयटीआयचा फॉर्म भरायचाय. इलेक्ट्रिशियन."

मी विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

"मीच सांगते त्यांना. तुम्ही नका सांगू."

तेवढ्यात लाइटचा खेळ सुरू झाला. आमचा बोर्ड दोन दिवसांपासून ठिणग्या टाकत होता, वायरमन येतो येतो म्हणून येत नव्हता. प्रज्ञानं माझ्याकडे टेस्टर आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला, मेन बंद केला, बोर्ड उघडला, आतली सैल झालेली वायर आवळली आणि झाकण लावून हात झटकले. पाच मिनिटं लागली असतील. मग मी खुर्चीवर बसले आणि फॉर्म भरला. ती वीस वर्षांची होती, कागद तिचे होते, बोट माझं होतं.

तिचा नंबर लागला. ती मावशीकडे राहायला नांदेडला गेली आणि जाताना सरांना सांगितलं. त्या दिवसापासून सरांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. दुकानात यायचे, पेपर द्यायचे, लातूरचं नाव घ्यायचे नाहीत. मीही गुमान टाइप करायचे. दसरा गेला, दिवाळी गेली. फॉर्म मी भरला हे त्यांना माहीत नव्हतं. दर शनिवारी मोटरसायकलचा आवाज आला की मी उगाच कागदांचे गठ्ठे लावत बसायचे.

संक्रांतीनंतर ते नववीच्या चाचणीचा पेपर घेऊन आले. कागद ठेवले आणि त्या दिवशी बसलेच नाहीत. "पुढच्या शनिवारी नेतो," म्हणून निघून गेले. मी वाचायला घेतलं. उतारा अ, एक वडील. उतारा आ, त्यांची मुलगी. विषय, मुलांचं शिक्षण कुणी ठरवावं.

पहिला उतारा वाचून माझे डोळे भरले, हे मी लपवणार नाही. त्यात लिहिलं होतं, 'माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत डॉक्टर यायला तयार नसे. आई तापाने फणफणत असताना माझे वडील त्याच्या दारात उभे राहिले होते, आणि त्याने दारातूनच गोळ्या दिल्या. तेव्हापासून मला वाटत आले, आपल्यातलेच कुणी डॉक्टर झाले तर त्याला आपल्या घरात यायला हरकत वाटणार नाही.' पुढं एक ओळ होती, 'मुलगी निघून गेली त्या दिवसापासून घास घशाखाली उतरत नाही.' आणि शेवटी, 'ज्या कुणी तिचा फॉर्म भरून दिला, त्याने बटण दाबण्याआधी एकदा आमच्या घराचा विचार केला असता तर!'

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. ते वाक्य मलाच टाइप करावं लागणार होतं.

मग दुसरा उतारा. 'वास्तविक पाहता अभ्यासाचा ताण मला सहन झाला नाही. बाबांच्या अपेक्षांपुढे मी कमी पडले. मला भीती वाटली आणि मी सोपा मार्ग निवडला.' असंच पानभर. मी दोनदा वाचला. मला बोर्ड उघडून उभी असलेली प्रज्ञा आठवली. ती पोरगी भ्यालेली नव्हती. ही कुणीतरी दुसरीच मुलगी होती, सरांनी मनात तयार केलेली.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्यानं ती परीक्षेआधी कुणाला दाखवायची नसते, एवढ्या विश्वासावरच हा धंदा चालतो. मी दोन्ही उताऱ्यांचे फोटो काढले आणि प्रज्ञाला पाठवले. खाली लिहिलं, 'दुसरा तुझ्या तोंडचा म्हणून लिहिलाय. बघ.' चार दिवस काही उत्तर नाही. शुक्रवारी दुपारी दोन फोटो आले. वहीची दोन पानं, एका कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला.

शनिवारी सर आले. मी त्यांना चहा सांगितला, तो येईपर्यंतही मला थांबता आलं नाही. "सर, प्रज्ञाचा फॉर्म मी भरला होता."

ते स्टुलावर बसत होते, अर्धवट वाकलेलेच राहिले.

"अन् हा पेपर मी तिला पाठवला. तिनं दुसरा उतारा लिहून पाठवलाय. हा बघा." मी प्रिंट काढून ठेवल्या होत्या. त्या पुढं केल्या.

"म्हणजे फॉर्म तुम्ही भरला."

"हाव, सर."

"अन् पेपर बी तुम्हीच फोडला."

"हाव."

"सहा महिने माझ्यासमोर बसून टाइप करून राहिलात."

 सरांनी हेल्मेट घातलं. त्यांना त्याचा पट्टा लावता येईना. तसाच लोंबता पट्टा ठेवून ते गेले. चहा आला तेव्हा स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, संपलं. माणूसही गेला आणि वर्षानुवर्षांचं कामही. टेबल आवरायला घेतलं तेव्हा दिसलं, चाचणीचा पेपर तसाच पडलेला होता. प्रज्ञाची दोन पानं मात्र तिथं नव्हती.

सोमवारी शाळेच्या आधी, शटर अर्ध वर असतानाच ते आले. उभ्यानंच म्हणाले, "उतारा आ बदलायचाय. हा टाका. शुद्धलेखन दुरुस्त करू नका." आणि तीच पानं पुढं केली.

"तिला विचारलं का सर, छापू का म्हणून?"

"तुम्ही विचारा."

"मी नाही विचारणार."

ते बाहेर गेले. पत्र्याच्या सावलीत उभं राहून त्यांनी फोन लावला. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. एक मिनिटही झालं नसेल. आत आले, चष्मा पुसला. "छापा म्हणाली. नाव टाकू नका म्हणाली." सहा महिन्यांनंतर बाप-लेकीचं झालेलं हे पहिलं बोलणं, आणि ते एका चाचणीच्या परवानगीपुरतं.

प्रज्ञानं लिहिलं होतं, जसंच्या तसं: 'मला भीती वाटली नव्हती. मला जीवशास्त्र आवडत नाही, एवढंच. ते मी दोन वर्ष कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक. लातूरच्या खोलीत माझा डबा तसाच परत जायचा. एकदा पंखा बंद पडला. मी तो खाली काढून दुरुस्त केला. मग शेजारच्या मुली त्यांचे पंखे दाखवायला लागल्या. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा डबा पूर्ण खाल्ला. लेखक एक म्हणतात आपल्यातलं कुणीतरी वस्तीत आलं पाहिजे. ते मला मान्य आहे. पण दवाखान्यात लाइट गेली की डॉक्टरपण बाहेर येऊन वायरमनची वाट बघतो.'

चाचणी झाली. पुढच्या शनिवारी सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच दुकानात आले. त्यातली एक वेगळी काढून माझ्यासमोर ठेवली. शेवटचा प्रश्न, दोन्ही लेखक कोणत्या बाबतीत सहमत आहेत. नववीतल्या एका मुलीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'दोघांनाबी जेवण जात नव्हतं. पण दोघांनी एकमेकाला सांगितलं नव्हतं.'

"मी सहमतीचे सहा मुद्दे काढून ठेवले होते," सर म्हणाले. "शिक्षणाचं महत्त्व, वस्तीविषयी आपुलकी, सगळं. हे माझ्या यादीत न्हाई. एक उतारा मी स्वतः लिवलाय ताई, अन् मला दिसलं न्हाई." त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. 'दोघांनाबी'खाली शुद्धलेखनाची लाल रेघ मारली होती आणि मग ती खोडली होती.

रविवारी ते सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले. पुढचं मला प्रज्ञानं सांगितलं. भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती, मावशीच्या घरी गॅलरीत दोघं जेवले. लातूरचा विषय कुणी काढला नाही. जेवण झाल्यावर सर म्हणाले, "मोटार कशी गुंडाळतात, दाखव." तिनं जुन्या पंख्याची मोटार उघडून तांब्याच्या तारेचे वेढे दाखवले. सर खिशातून कागद काढून टिपणं घ्यायला लागले. "उलट गुंडाळलं तर काय होतं? अन् एखादा वेढा कमी पडला तर?" ती म्हणाली, "काकू, त्या दिवशी मला त्यांच्या वर्गातली पोरं काय भोगतात ते कळलं." सरांना अजूनही वाटतं की ती डॉक्टर झाली असती. त्यांना तसं वाटतं हे तिलाही माहीत आहे. दोघंही त्याच्यासकट एका ताटात जेवतात.

त्यानंतर मात्र सरांनी दुसरा उतारा स्वतः लिहिणं सोडलं. पहिलाही सोडला. "ज्याचं त्यानं बोलावं, मी फक्त उतरवून घेईन," असं म्हणून ते मोबाइलवर लोकांचं बोलणं टिपायला लागले. शाळेतल्या मुली एका शेतातल्या पायवाटेनं यायच्या आणि शेतमालक दर वर्षी ती वाट नांगरून टाकायचा, हा विषय त्यांनी घेतला. एका मुलीच्या आईचं बोलणं टिपून झालं होतं. वाट मोडली की पोरींना हमरस्त्यानं, उसाच्या ट्रॅक्टरांच्या बाजूनं चालावं लागतं, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचा माणूस मात्र सापडत नव्हता, शेत नेमकं कुणाचं हे पोरींना सांगता येत नव्हतं.

एका शनिवारी सर हेच मला सांगत होते. "ताई, या उताऱ्याला दुसरा माणूसच मिळून न्हाई राहिला." शेजारी माणिकराव नावाचे म्हातारे शेतकरी सातबारासाठी बसलेले होते, सर्व्हर बंद होता. ते एकदम सावध झाले. "उताऱ्याला दुसरा माणूस? कुणाचं नाव चढवून राहिलात, मास्तर?"

आम्हाला दोघांनाही हसू आवरेना. सरांनी त्यांना समजावलं, हा शेताचा उतारा नाही, शाळेतला, पोरांनी वाचायचा. बोलता बोलता कळलं की ते शेत माणिकरावांचंच. मग सर्व्हर येईपर्यंत तासभर म्हाताऱ्यानं जे सुनावलं ते सगळं मी तिथंच टाइप केलं. हरभरा घाट्यावर आला की पोरी घाटे खात जातात, खाऊ द्या, पण पायाखाली किती जातं. पीक तुडवलं जातं तेव्हा कुणी येत नाही, वाट मोडली की सगळं गाव येतं. शेवटी त्यांनी अट घातली, "माह्या उताऱ्यावर माही सही पाहिजे." सरांनी कागदावर त्यांची सही घेतली आणि त्या आईचा उतारा त्यांना वाचून दाखवला. म्हातारा ऐकत राहिला. "बाई खोटं न्हाई बोलत," तो म्हणाला, "पण माह्या हरभऱ्याचं काय?"

पुढच्या हंगामात माणिकरावांनी बांधाच्या कडेची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, पेरली नाहीत. पोरी तिथून यायला लागल्या. मी सरांना म्हटलं, तुमच्या चाचणीनं काम केलं. सर म्हणाले, "मी विचारलं त्यांना. ते म्हणले, ट्रॅक्टर वळायला जागा लागती म्हणून सोडलं. त्यांनी सांगितलं तेच धरायचं."

आता सर नांदेडला राहतात. गेल्या उन्हाळ्याआधी ते निवृत्त झाले. त्यांचं मानपत्र मीच टाइप केलं होतं, म्हणून मलाही कार्यक्रमाला बोलावणं होतं. शाळेच्या मैदानात मंडप, टेबलावर हार, पहिल्या रांगेत प्रज्ञा आणि तिची आई. भाषणावर भाषण झालं. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, चंदनासारखे झिजले. सर खुर्चीत चुळबूळ करत होते. त्यांची पाळी आली तेव्हा माइक हातात घेऊन म्हणाले, "सकाळपासून एकच उतारा चालून राहिला. दुसरा कुणापाशी असंल तर वाचा. आज न्हाई वाचला तर कधी वाचणार?"

सगळे हसले. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात व्हरांड्याच्या खांबापाशी उभ्या असलेल्या अनुसयाबाई, शाळेत पोरांची खिचडी शिजवतात त्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी सांगू का?"

टाळ्या थांबल्या. "सांगा की बाई," सर म्हणाले.

"मी बारा वर्सं झाली खिचडी शिजवून राहिले. पोरांच्या आधी चव तुम्हीच घेता. रोज घास घेतला की म्हणता, अनुसयाबाई, मीठ कमी हाय. ज्या दिवशी कमी नसतं त्या दिवशी काहीच म्हणत न्हाई, गुमान वर्गात जाता. बारा वर्सांत एकदा बी म्हणला न्हाईत, आज बरं झालंय म्हणून."

मंडपात हशा झाला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी माइक टेबलावर ठेवला. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मंचावरून उतरून सरळ स्वयंपाकाच्या खोलीकडे चालायला लागले. पाहुण्यांसाठी पुरी-भाजी होती, ती तशीच राहिली. त्यांनी पोरांचं एक ताट उचललं आणि पातेल्यापाशी जाऊन धरलं. अनुसयाबाईंनी खिचडी वाढली. आम्ही सगळे दारात गोळा झालो होतो. सरांनी घास घेतला, सावकाश चावला.

"लई चांगली झालीय," ते म्हणाले. "मीठ अगदी बरोबर."

अनुसयाबाईंनी तोंडावर पदर धरला. "सर, आज सकाळपासून तुमच्या कार्यक्रमाच्या गडबडीत मीठ टाकायचंच राहिलंय."

पोरं हसत सुटली. प्रज्ञा तर भिंतीला टेकून हसत होती. सरांनी एकदा अनुसयाबाईंकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग पुढचा घास घेतला, आणि त्याच्या पुढचा. ताट पुसून झालं तेव्हा ते पुन्हा पातेल्यासमोर धरून म्हणाले, "अजून एक पळी वाढा."